बेड उलटा करायची भीड: जुन्या फर्निचरबरोबर घरात आलेल्या ढेकणांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी पुण्यात अठरा वर्षं पेस्ट कंट्रोलचं काम करतो. हे प्रकरण २०२३ मधलं आहे. ज्यांच्या घरी घडलं त्यांना विचारूनच लिहितोय, पण नावं बदलली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

मेघना आणि निखिल लातूरकडचे. सिंहगड रस्त्याच्या बाजूला भाड्याचा वन बीएचके फ्लॅट आणि चौदा महिन्यांची मुलगी, ओवी. लग्नापासून जमिनीवर गाद्या टाकून झोपायची सवय होती आणि त्यात त्यांना काही कमीपणाही वाटत नव्हता. पण पाडव्याला निखिलची आई येऊन महिना-दीड महिना राहणार होती. तिचे गुडघे दुखतात, खालून उठवत नाही. म्हणून बेड हवा होता. दुकानात साधा बॉक्स बेड १९,००० ला होता, गादी वेगळी. यांचं बजेट सगळं मिळून दहा हजार.

बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात ते एकदा चक्कर मारून आले. तिथे बघण्यासारखं खूप, पण बेड मनासारखा मिळाला नाही. मग मोबाइलवर एक जाहिरात दिसली: शिफ्टिंगमुळे बॉक्स बेड गादीसह विकणे आहे, ६,५०० रुपये, कोथरूड.

जुनं फर्निचर घेण्याचा त्यांचा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. वीस वर्षांपूर्वीच्या बेडला जे लाकूड आणि जे प्लायवूड वापरलेलं असतं, ते आज त्या पैशात स्वप्नातही मिळत नाही. माझ्या स्वतःच्या घरातलं डायनिंग टेबल मुंबईच्या ओशिवऱ्याच्या बाजारातून आणलेलं आहे. चूक झाली ती पुढच्या तासाभरात.

खरेदीचा दिवस

१२ फेब्रुवारी, रविवार. तिसरा मजला, लखलखीत घर. बँकेतून निवृत्त झालेले काका आणि काकू मुलाकडे बंगळूरला कायमचे निघाले होते. अर्धं सामान खोक्यांत भरलेलं. तरी काकूंनी चहा टाकला, चिवड्याची बशी पुढे केली, ओवीच्या हातात खारीक दिली.

बेड मागच्या खोलीत होता. मेघनाला तेव्हाच दोन गोष्टी खटकल्या. तिने त्या मला नंतर अगदी नेमक्या सांगितल्या, म्हणजे डोक्यात नोंद झाली होती. पहिली, बेडच्या चारही पायांखाली स्टीलच्या वाट्या होत्या आणि त्यांत पाणी होतं. तिने विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "मुंग्यांसाठी गं." दुसरी, बॉक्सचं झाकण उचलल्यावर डांबराच्या गोळ्यांचा वास इतका उग्र आला की ओवीला शिंक आली.

तिने निखिलला हळूच म्हटलं, "अरे, एकदा उलटा करून बघू या का?" निखिलचं उत्तर मी जसंच्या तसं देतो, कारण हे सगळं प्रकरण त्या उत्तरात आहे. "चहा पाजलाय त्यांनी. त्यांना काय वाटेल?"

भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी.

पैसे दिले. छोटा हत्ती आणि दोन हमाल मिळून १,३०० झाले. निघताना काका म्हणाले, "ही वेताची खुर्ची पण न्या, आम्ही ती कुठे वाहून नेणार?" फुकट मिळाली म्हणून तीही टेम्पोत चढली. संध्याकाळी सातला बेड थेट बेडरूममध्ये जोडला, त्याच्याबरोबर आलेल्या गादीवर नवी चादर घातली आणि त्याच रात्री तिघं त्यावर झोपले. हेडबोर्ड भिंतीला चिकटवून स्क्रूने पक्का केला. वेताची खुर्ची गेली हॉलमध्ये, खिडकीपाशी.

पहिला निर्णायक क्षण हा. त्या घरातल्या पाण्याच्या वाट्या खरंच मुंग्यांसाठी असू शकल्या असत्या. पण मुंग्या जातात स्वयंपाकघरात, साखरेच्या डब्याकडे. झोपायच्या पलंगाखाली वाट्या ठेवायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे आणि ती ढेकणांची आहे. पूर्वी पाण्याऐवजी रॉकेल असायचं, एवढाच फरक. काका-काकू खोटं बोलले असंही मी म्हणत नाही. सून-मुलांच्या वयाच्या माणसांसमोर "ढेकूण" हा शब्द तोंडातून काढणं त्या पिढीला जड जातं. म्हणजे भीड दोन्ही बाजूंना होती.

आणि घर लखलखीत होतं, याचा उपयोग शून्य. झुरळाला खरकटं लागतं, ढेकणाला फक्त रक्त आणि एखादी फट लागते. फरशी दिवसातून चारदा पुसली तरी त्याचं काही बिघडत नाही.

त्रास

साधारण दहा दिवसांनी मेघनाच्या दंडावर लाल गांधी उठल्या, तीन एका ओळीत. मग ओवीच्या मानेवर. निखिलच्या अंगावर काहीच नाही. त्यामुळे "बेडमध्ये काही असतं तर मला नसतं का चावलं?" हा त्याचा मुद्दा घरात महिनाभर टिकला. प्रत्यक्षात चावा सगळ्यांनाच बसतो, पण अंगावर उठणं ज्याच्या त्याच्या शरीरावर असतं. काहींच्या कातडीवर साधा ठिपकाही येत नाही. एका पलंगावर झोपणाऱ्या नवरा-बायकोपैकी एकालाच खाज सुटते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पहिला फोन बहुधा बाईचाच येतो आणि मागून पुरुषाचा आवाज येतो, "अगं, डास असतील."

डास समजून कॉइल लावली. मग मच्छरदाणी. मग त्वचेच्या डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून मलम दिलं. त्याने खाज थांबली, गांधी थांबल्या नाहीत. डॉक्टरांचाही दोष नाही, नुसत्या चाव्यावरून कुणालाही खात्रीने सांगता येत नाही.

दुसरा निर्णायक क्षण मार्चच्या पहिल्या आठवड्यातला. वैतागून मेघना ओवीला घेऊन हॉलमध्ये झोपायला लागली आणि निखिलने दुकानातून झुरळांचा स्प्रे आणून बेडच्या कडेकडेने मारला. दोन्ही गोष्टी सहज सुचणाऱ्या आणि दोन्ही उलट्या पडणाऱ्या. ढेकूण माणसाच्या उबेचा आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढत येतात. माणूस खोली बदलतो, पाठोपाठ तेही निघतात. आणि असल्या स्प्रेमध्ये बहुतेक पायरेथ्रॉइड गटाची औषधं असतात. त्यांना ढेकूण आता फारशी दाद देत नाहीत, पण त्यांचा स्पर्श त्यांना नकोसा होतो, म्हणून ते पांगतात. औषध पचवायची ही खोड काही नवी नाही. डीडीटीला न जुमानणारे ढेकूण हवाई बेटांवर, पर्ल हार्बरच्या बराकींत, १९४७ मध्येच आढळले होते.

खरं काय ते कळलं पाडव्याच्या साफसफाईत. घरकामाच्या मावशी गादी उचलायला आल्या, चादर काढली आणि थांबल्या. "ताई, बॅटरी द्या जरा." गादीच्या शिवणीच्या गोटावरून त्यांनी अंगठ्याचं नख फिरवलं. काळ्या स्केचपेनने टिंबं काढावीत तसे डाग होते. ओलं फडकं लावलं तर ते तांबूस तपकिरी पसरले. मग मावशींनी केसातली पिन काढली आणि बेडच्या कोपऱ्यातल्या सांध्यात घालून हळूच ओढली. पिनेच्या टोकावर एक आला. अख्ख्या मसुराएवढा, तसाच चपटा, तसाच तपकिरी. त्या फटीत आत, खसखशीच्या दाण्यांसारखी पांढुरकी अंडी चिकटलेली होती.

"आमच्या चाळीत लहानपणी खाटा उन्हात आपटायचो की," मावशी म्हणाल्या.

एक सांगून टाकतो. अशा घरांत संशयाचं बोट पहिल्यांदा कामवाल्या बाईकडे जातं. "त्यांच्या वस्तीतून आले असतील." इथे रोग ओळखला तो त्याच बाईंनी, आणि चार घरी काम करत असल्यामुळे सर्वांत जास्त धोका त्यांच्याच पिशवीला होता.

समोर असलेले पर्याय

निखिलचा फोन मला २० मार्चला आला. त्याआधी दोन दिवस त्यांनी काय काय विचार केला तो सांगतो.

बेड फेकून द्यायचा, हा पहिला विचार. भंगारवाल्याला फोनही झाला होता. पण तोवर ढेकूण बेडमध्ये राहिले नव्हते. स्प्रे आणि हॉलमधलं झोपणं यांनी ते पसरले होते. बेड गेला असता, ढेकूण राहिले असते. शिवाय भंगारवाला तो बेड तोडत नाही, पुसून पुढे विकतो. म्हणजे आपलं दुखणं आणखी कुणा मेघनाच्या घरी.

दुसरा, परत करायचा. त्यासाठी काकांना फोन करावा लागला असता. तो त्यांनी केला नाही. का, तर "म्हातारी माणसं आहेत, पैसे मागतोय असं वाटेल." हा तिसरा निर्णायक क्षण आणि माझ्या मते सर्वांत महागात पडलेला. त्याचं कारण पुढे येईल.

तिसरा पर्याय कुणीतरी नातेवाइकाने सुचवला होता आणि तो ऐकून माझ्या पोटात गोळा आला. धान्यात ठेवायच्या गोळ्या बॉक्समध्ये टाकायच्या आणि खोली बंद करायची. त्या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, तो दाराच्या फटीतून शेजारच्या घरात जातो, आणि झोपलेल्या माणसांना जागही येत नाही. ढेकणांच्या औषधाने घरातली माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यांत या गोळ्या पुन्हा पुन्हा निघतात. सामान्य माणसाला त्या विकायलाच बंदी आहे, तरी मिळतात. तसंच ते उग्र वासाचं डायक्लोरव्हॉस. एके काळी आमच्या धंद्यातही ते सर्रास वापरायचे, पण ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर देशात पूर्ण बंदी आहे. आजही कुणी "जुनं स्ट्राँग औषध आहे साहेब" म्हणत बाटली काढली तर त्याला दारातूनच परत पाठवावं.

चौथा पर्याय आम्ही. मी त्यांना फोनवरच दोन गोष्टी सांगितल्या. एका फेरीत काम होणार नाही, तीन फेऱ्या धरा. आणि आज रात्रीपासून परत बेडरूममध्येच झोपा. मेघनाला हे दुसरं पटेना. चौदा महिन्यांच्या मुलीला त्या पलंगावर परत झोपवायचं? शेवटी तोड निघाली ती अशी: ओवीला पाळण्यात, भिंतीपासून दूर, पाळण्याच्या पायांखाली साबणाच्या पाण्याच्या वाट्या, मोठी दोघं बेडवर. आईंचं येणं त्यांनी पुढे ढकललं. कारण मात्र "ओवीला बरं नाही" असं सांगितलं.

काय केलं

२५ मार्चला पहिली फेरी. आदल्या दोन दिवसांत त्यांनी घरातले सगळे कपडे आणि अंथरुणं प्लास्टिकच्या पिशव्यांत तोंड बांधून भरली होती. कपडे उकळत्या पाण्यात भिजवून धुतले. रजया आणि जाड पांघरुणं ड्रायर असलेल्या लाँड्रीत दिली, पण पिशवी तशीच बांधलेली आणि लाँड्रीवाल्याला कारण सांगून. तो आधी नाही म्हणाला, मग शेवटच्या फेरीत एकटंच मशीन लावून देतो म्हणाला. ढेकणाचं अंडंही सुमारे ५० अंश सेल्सियसच्या वर तासा-दीड तासात मरतं. त्यामुळे ड्रायर हा औषधापेक्षा भरवशाचा. ऊन मात्र नाही. पुण्याचं मार्चचं ऊन छत्तीस-सदतीस अंशांचं. गादीचं वरचं कापड चटका बसेल इतकं तापतं, आतला थर मात्र गारच राहतो, आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. मावशींच्या चाळीत खाटा आपटून जे पडायचे ते पायाखाली चिरडले जायचे, काम त्याने व्हायचं.

बेड पूर्ण खोलला. एकेक फळी सुटी केली. बॉक्स बेडमध्ये ढेकूण कुठे नसतात हेच सांगणं सोपं. ते असतात झाकणाच्या बिजागऱ्यांखाली, स्क्रूच्या भोकांत, सनमायकाची कड जिथे सुटलीय तिथे, प्लायवूडच्या थरांत, पायांच्या टोप्यांत. मी वाफेचं मशीन वापरतो. वाफ हळूहळू, जवळून, फळीच्या कडेने ओढत न्यायची. घाई केली तर फक्त वरचं लाकूड तापतं, आणि जोर जास्त ठेवला तर अंडी उडून दुसरीकडे पडतात. सनमायकावर फार वेळ धरली तर तो फुगतो. एका कडेला तसा फुगलाच, ते आजही दिसतं. वाफेनंतर सांध्यांत आणि भेगांत औषध. तेही केंद्रीय कीटकनाशक मंडळाकडे नोंदलेलं, ज्याच्या लेबलवर ढेकणांचा उल्लेख आहे असं. गादीवर, खेळण्यांवर, पाळण्यावर काही नाही. सहा तास कुटुंब बाहेर, परत आल्यावर खिडक्या उघड्या.

बेडबरोबर आलेली जुनी गादी काढून टाकली. ती मी ब्लेडने आडवी-उभी फाडली, प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि वर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलं: ढेकूण आहेत, घेऊ नये. सोसायटीच्या कचऱ्यापाशी ती ठेवायची वेळ आली तेव्हा निखिल म्हणाला, "हे लिहिल्याशिवाय नाही का चालणार? सगळ्यांना कळेल." नाही चालणार. रात्री ती गादी वॉचमनच्या खोलीत गेली असती, हे मी लिहून द्यायला तयार होतो. अक्षरं तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या फ्लॅटमधल्या काकू स्वतःहून आल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडेही बघाल का?" त्यांच्याकडे काही सापडलं नाही.

बेड पुन्हा जोडला तो भिंतीपासून वीतभर दूर. पायांखाली वाट्या, त्यांत पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. बाजारात गुळगुळीत प्लास्टिकच्या कोरड्या सापळा-वाट्या मिळतात, पण त्यांच्यावर मी इथे विसंबत नाही. माणसाला चावणाऱ्या ढेकणाच्या दोन मुख्य जाती: थंड मुलखातला सायमेक्स लेक्टुलॅरियस आणि आपल्याकडच्या गरम हवेतला सायमेक्स हेमिप्टेरस. पहिल्याला गुळगुळीत भिंत चढता येत नाही. दुसरा, म्हणजे आपला, बऱ्यापैकी चढतो. साबणाच्या पाण्यात दोघंही बुडतात.

दुसऱ्या फेरीत काय सापडलं

उबदार हवेत ढेकणाची अंडी आठवडा-दहा दिवसांत फुटतात, म्हणून दुसरी फेरी चौदा दिवसांनी, ८ एप्रिलला ठेवली. अंड्यातून निघालेली, पण अजून स्वतः अंडी घालण्याच्या वयाला न आलेली पिल्लं त्या मुदतीत सापडतात.

बेडच्या वाट्यांत तीन पिल्लं, मोठा एकही नाही. मी खूश. मेघना मात्र म्हणाली, "हॉलमध्ये दुपारी ओवीला झोपवते तिथे काल परत चावलंय." हॉलमधला सोफा मी पहिल्या फेरीत तपासला होता, खालचं काळं कापड उचकटून. पडद्यांच्या शिवणी, स्विचबोर्डांच्या कडा, सगळं परत बघितलं. काही नाही.

शेवटी मी निखिलला म्हटलं, ज्यांच्याकडून घेतला त्यांना फोन लावा, पैशांचं बोलू नका, फक्त विचारा. त्याने बाहेर गॅलरीत जाऊन फोन केला. पंधरा मिनिटांनी आत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. काकांनी आधी "आमच्याकडे असलं काही नव्हतं" म्हटलं. मग थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "दिवाळीच्या आधी औषध मारून घेतलं होतं रे, वाटलं गेले. तू खुर्ची बघितलीस का? वडील दिवसभर तिच्यातच बसायचे शेवटचं वर्षभर. सुरुवात तिथूनच झाली होती."

वेताची खुर्ची. खिडकीपाशी, ओवीच्या दुपारच्या गादीपासून चार फुटांवर. ती मी पहिल्या फेरीत पाहिली होती, वरवर बॅटरी मारून, आणि पुढे गेलो होतो. माझ्या डोक्यात बेड होता. आता उलटी केली. बैठकीखाली वेताच्या पट्ट्या जिथे लाकडी चौकटीला गुंडाळून खिळ्यांनी मारलेल्या असतात, त्या वळशांमध्ये ते ओळीने बसले होते, मोहरीएवढ्यांपासून मसुराएवढ्यांपर्यंत, आणि आजूबाजूला त्यांच्या टाकलेल्या पारदर्शक काती. विणलेल्या वेतात वाफ पोचते, पण प्रत्येक वेढ्यात पोचेलच असं नाही. ती खुर्ची वाचवायचा प्रयत्न मी केला नाही. प्लास्टिकमध्ये घट्ट बांधली, खाली नेऊन तोडली. लाकूड चांगलं शिसवी होतं. वाईट वाटलं.

माझी चूक सरळ लिहितो. बेडबरोबर आणखी काय काय आलं, हा प्रश्न मी पहिल्याच फोनवर विचारायला हवा होता. आणि विकणाऱ्याशी न बोलणं ही फक्त निखिलची भीड नव्हती. मीही त्याला आग्रह केला नव्हता, कारण गिऱ्हाइकाच्या भानगडीत पडायचं नाही ही आमच्या धंद्यातली सवय.

निष्पत्ती

तिसरी फेरी २२ एप्रिलला. हॉलच्या वाट्यांमध्ये शेवटचं जिवंत पिल्लू २९ एप्रिलला मिळालं. त्यानंतर ६ मेला नुसती तपासणी, आणि जूनअखेरपर्यंत दर रविवारी मेघना वाट्या आणि गादीच्या शिवणी बघून मला फोटो पाठवत राहिली. एवढी वाट बघायचं कारण असं की ढेकूण उपाशीपोटीही महिनोन्‌महिने फटीत पडून राहतो. चावणं थांबलं म्हणजे तो गेला असं नसतं.

खर्चाचा हिशेब निखिलने वहीत मांडला होता. बेड आणि टेम्पो ७,८००. नंतर आमच्या फेऱ्या ९,०००, नवी गादी ८,२००, गादीला सगळीकडून बंद होणारं चेनचं कव्हर १,८००, डॉक्टर आणि औषधं १,४००, लाँड्री १,०००. एकूण २९,२००. दुकानातला नवा बेड आणि ही गादी मिळून २७,२०० मध्ये आलं असतं. फरक फार नाही, पण दोन महिन्यांची झोप या हिशेबात कुठेच लिहिलेली नाही. सुदैवाने ढेकूण चावून माणसाला रोग दिल्याचा पुरावा नाही. ओवीच्या मानेवरचे डाग मेच्या शेवटी गेले.

काकांनी पैसे परत केले नाहीत, यांनी मागितलेही नाहीत. मावशींच्या घरी मी त्याच आठवड्यात जाऊन बघून आलो, फुकट. तिथे काही नव्हतं. एप्रिलच्या शेवटी निखिलने आईला खरं कारण सांगितलं. ती फोनवर खूप हसली म्हणे, "अरे, तुझ्या आजोळी भिंतीच्या भिंती भरलेल्या असायच्या, मला काय सांगतोस."

वेगळं काय करता आलं असतं

तपासणी विकणाऱ्याच्या दारात करायची, पैसे द्यायच्या आधी आणि टेम्पो बोलवायच्या आधी. दहा मिनिटांचं काम आहे. बरोबर बॅटरी, जुनं प्लास्टिकचं कार्ड आणि पांढरा कागद असला तरी पुरे. वस्तू उलटी करायची, ड्रॉवर पूर्ण बाहेर काढायचे, कार्ड फटींतून फिरवून काय बाहेर येतं ते कागदावर पाडायचं. काळी टिंबं, काती, खसखशीएवढी अंडी म्हणजे ढेकूण. बारीक भोकं आणि खाली मैद्यासारखं पीठ म्हणजे लाकडात भुंगेरे. रव्यासारखे कडक दाणे किंवा मातीच्या नळ्या म्हणजे वाळवी. पोकळ आवाज येतोय का ते नख वाजवून बघावं. कपाट किंवा टीव्ही युनिट असेल तर मागच्या बाजूला झुरळांच्या अंड्यांच्या तपकिरी डब्या चिकटल्यात का ते बघावं. लाकूड आणि लोखंड साफ करता येतं. गादी, भरलेला सोफा आणि विणलेला वेत मात्र नीट उघडून बघता येत नसेल तर मी फुकटातही घेणार नाही.

भिडेवर एक साधी युक्ती मी आता सगळ्यांना सांगतो. "आमच्या सोसायटीत नियम आहे, फोटो काढून दाखवावे लागतात," म्हणायचं आणि बेड उलटा करायला लागायचं. खोटं आहे, पण कुणाचं मन दुखत नाही. विकणारा तरीही आडवा आला तर चहा प्यायचा आणि उठायचं.

घरी आणल्यावर वस्तू आधी गॅलरीत खोलावी. बेड त्याच रात्री वापरायला काढला नसता तर ढेकणांना पहिला घास मिळायला उशीर झाला असता, आणि गॅलरीच्या उजेडात सांधे दिसले असते. टेम्पोत सामानाला गुंडाळलेल्या हमालांच्या गोधड्यांवरही नजर ठेवावी. त्या रोज वेगवेगळ्या घरांतून फिरतात.

आणि चाव्यांची शंका आल्यावर जागा बदलायची नाही, स्प्रे मारायचा नाही. आधी एक पकडायचा, डबीत किंवा चिकटपट्टीवर, आणि ओळखणाऱ्याला दाखवायचा. मेघनाचे चार आठवडे इथे गेले.

परवाना दाखवल्याशिवाय कुणालाही औषध मारू देऊ नये, यात आम्हीही आलो. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली व्यावसायिक फवारणी करणाऱ्याला परवाना लागतो.

मागच्या महिन्यात त्यांच्या इमारतीत दुसऱ्या कामाला गेलो होतो, तेव्हा वर जाऊन आलो. तोच बेड, एका कडेला फुगलेला सनमायका, आणि चारही पायांखाली वाट्या अजून आहेत. मी असतानाच शेजारची एक नवी भाडेकरू बाई ओवीच्या वाढदिवसाचं आमंत्रण घ्यायला आली होती. तिने वाट्यांकडे बघून विचारलं, "मुंग्या फार आहेत का हो तुमच्याकडे?"

"नाही," मेघना म्हणाली, "ढेकणांसाठी आहेत त्या. बसा ना."